पिवळी पट्टी अन् आप्पांचं नाक

गुरपादआप्पांची अन् माझी पहिली गाठ उकिरड्यावर पडली. गौरवाच्या वहीत असं लिहावं का न्हाय ते मला कळंना, म्हणून वाचनालयाच्या गुरुजींना विचारलं. ही वही त्यांनीच काढलीय. ते म्हणाले, "जिथं पडली तिथंच लिव. अन् जसं बोलतीस तसं लिव." मी बोलते कमीच. पण आप्पांना औंदा साठ वर्षं पुरी झाली. मठात ही वही सगळ्यांपुढं वाचणार हायेत. आमच्या विहिरीखालच्या गव्हात जी पिवळी पट्टी उठली होती, तिला गाव अजून 'आप्पांची चूक' म्हणतंय. ती चूक कुणाची ते मला ठाऊक हाय. ते सांगायचं म्हणून लिहायला बसले. पण आधी पहिल्यापासनं सांगते, न्हायतर आप्पा कोण हायेत ते कळायचं न्हाय.

तवा मी अकरा-बारा वर्षांची असंन. तिसरीतनं शाळा सुटली होती. थोरल्या बहिणीचं लगीन झालं अन् गोठ्याचं काम माझ्यावर आलं. एका सकाळी शेणाची पाटी उकिरड्यावर उपडी करून वळले, तर आप्पा वाटेत उभे. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर घोंगडं. आप्पांच्या घरी तीन बैलजोड्या, घरात कानडी अन् बाहेर मराठी. गावातली मोठी माणसंसुद्धा त्यांच्यापुढं आवाज खाली करून बोलतेत. ते डोळे मिटून वास घेत होते.

"अव्वा," ते म्हणाले. कानडीत लेकीला मायेनं अव्वा म्हणतेत. "हा वास कशाचा हाय?"

मी खाली बघत उभी.

"शेणाचा न्हवं. शेणाचा वास नाकात बसतो. हा नाकाला टोचतो. कशाचा?"

मला वाटलं घाणीबद्दल बोल लावायला आलेत. मी पाटी तिथंच टाकून घरात पळाले. संध्याकाळी बघते तर आप्पा आमच्या ओट्यावर, दादांशेजारी बसलेले. दादा म्हणजे माझे वडील.

"निवृत्ती, तुझी ज्वारी उडून चाललीय."

दादा हसले. "आप्पा, अजून पेरली कुठं हाय उडायला?"

"पेरायच्या आधीच चाललीय. तुझ्या उकिरड्यातनं. जवर वास येतोय तवर जातीय."

दादांना ती थट्टा वाटली. म्या दारामागनं ऐकलं अन् मला काय थट्टा वाटली न्हाय. रोज पहाटं गोठ्याचं दार उघडलं की तोच वास डोळ्यांतनं पाणी काढायचा. तो कुणाचा तरी जीव हाय, अन् तो दारातनं निघून चाललाय, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आप्पा तरण्यापणी सरकारी प्रयोगाच्या शेतावर पाणी भरायला होते. शिकलेली माणसं मापं घ्यायची, आप्पा कावड खाली ठेवून बघायचे. तिथं त्यांना कळलं की खतात जो पिकाला हिरवं करणारा जीव असतो, तो लई चंचल. ऊन लागलं, वारा लागला की हवेत जातो. पाणी जास्त झालं की खाली जातो, मुळ्यांना सापडत न्हाय. मूत तर शेणापरीस मोलाचं अन् तेच आपण गोठ्यातनं मोरीला लावून देतो. पुस्तकात त्याला नत्र म्हणतेत असं गुरुजी सांगतेत. आप्पा जीवच म्हणतेत.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः दोन पाट्या वाळलेली माती घेऊन आले. आईनं डोक्यावर पदर ओढला अन् मला म्हणाली, "आप्पांना म्हणावं, माणूस लावून पाठवायची की." आप्पांनी ऐकलं. "माणसाला नाक न्हाय," म्हणाले, अन् धोतर खोचून आमच्या बैलांखाली माती पसरायला लागले. मुताखाली माती पाहिजे, ती पिऊन घेती. तीन-चार दिवसांनी ती ओली माती काढायची, शेणाबरोबर खड्ड्यात घालायची, वरनं परत मातीचा थर द्यायचा. एवढंच. आठ दिवसांनी पहाटं दार उघडलं तर डोळ्याला पाणी न्हाय.

आप्पांनी विचारलं, "वास कुठं गेला, अव्वा?"

म्या बोट खाली मातीकडं केलं.

"बराबर," ते म्हणाले. "बोलायला येत नसंल तर बोट दाखवीत जा. शेतकीत बोट पुरतं."

त्या दिवसापासनं मला त्यांची भीती गेली.

आमच्याकडं समदे काय करतेत ते तुमाला ठाऊकच हाय. पाडव्यानंतर खताच्या गाड्या रानात न्यायच्या, जागोजाग ढिगुळ्या घालायच्या अन् पाऊस पडस्तवर तशाच ठेवायच्या. वाळलं की हलकं होतं, फेकायला सोपं जातं. पहिल्यापासनं असंच. ज्याच्या रानात जास्त ढिगुळ्या तो मोठा कुणबी. आप्पा त्या ढिगुळ्यांमधनं चालायचे तवा असं वाटायचं की कुणाच्या तरी मयतीला आलेत. ते स्वतः खड्डा लिंपून ठेवायचे. पेरणीच्या तोंडाला गाड्या भरायचे अन् ज्या दिवशी खत रानात, त्याच दिवशी ते मातीखाली. अख्खं गाव पेरायच्या घाईत, अन् आप्पा खत वाहत असायचे. गणपतकाका, आमचे शेजारी, त्यांना हाक मारून म्हणायचे, "आप्पा, तुमची वरात लई उशिरा निघती बघा."

"नवरी पळून जाऊ नये म्हणून," आप्पा म्हणायचे.

दादांना पटवायला त्यांनी बोलणं सोडून दिलं. आमच्याच रानात, एकाच पट्ट्यात, एक गाडी ढिगुळी घालून उन्हात ठेवायला लावली अन् एक गाडी झाकून, पुढं पेरणीच्या दिवशी गाडायला लावली. भाद्रपदात दादा बांधावर उभे राहून लई वेळ बघत होते. गाडलेल्या खताची ज्वारी काळीभोर, दादांच्या छातीला लागत होती.

"तिथली जमीनच बरी असंल," दादा म्हणाले.

"व्हय, असंल," आप्पा म्हणाले, अन् घरी गेले. दुसऱ्या दिवशी दादांनी कुदळ घेतली अन् आमच्या खड्ड्याला आणखी दोन हात खोली काढली. कुणाला हरवायचं न्हाय, ही आप्पांची रीत म्या तिथं बघितली.

आता गव्हाचं सांगते.

आमची विहिरीखालची जागा अर्ध्या एकराची. तिथला गहू लागोपाठ दोन वर्षं पिवळा पडला. खड्ड्याचं खत ज्वारीला पुरत होतं, तिथवर पोचत नव्हतं. माझे मामा सोलापूरला गिरणीत. त्यांचा निरोप आला होता की लढाईमुळं गिरण्या रातंदिवस चालतेत, माणसं पाहिजेत. दादांनी आईला सांगितलं, "औंदा गहू पिवळा पडला तर रान वाट्यानं लावायचं, बैलं इकायची अन् सोलापूर धरायचं." मी गोठ्यात जाऊन दोन्ही बैलांच्या मधी उभी राहिले.

त्याच वर्षी तहसिलीतनं शेतकीच्या साहेबांनी गावात एक पोतं पाठवलं. पांढरं, साखरेगत दाणेदार इलायती खत. लढाईच्या दिवसांत तसलं पोतं मिळणं लई अवघड. कुणाच्या रानात घालायचं ते आप्पांनी ठरवायचं होतं. पाटलांचं रान होतं, त्यांचं स्वतःचं होतं. आप्पांनी आमचं सांगितलं. "पिवळं जिथं हाय तिथंच कळंल," एवढंच म्हणाले. सोलापूरचं त्यांना कुणी सांगितलं होतं का, मला अजून ठाऊक न्हाय.

पोतं आमच्या घरात आलं, पण आत ओल धरून गठळ्या झाल्या होत्या. आप्पा दोन दिवस अणदूरला पाहुण्यांकडं गेलेले. आमच्यात बी फेकायचं असो, रोप लावायचं असो, आधी चुलीची चाळलेली राख मिसळायची. किडा-मुंगी लागत न्हाय, ओल सुकती अन् हाताला चिकटत न्हाय. माझी आजी करायची, आई करती. म्या म्हणलं, आप्पा यायच्या आत खत मोकळं करून ठेवावं. एका घमेल्यात खत घेतलं, राख घातली, गठळ्या फुटाव्या म्हणून पाण्याचा शिपका दिला, कालवलं अन् अंगणात उन्हात वाळत ठेवलं. कुणाला सांगितलं न्हाय. मनात म्हणलं, आप्पा बघतील अन् बराबर म्हणतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्यातलं खत कसं भुरभुरीत झालं होतं. म्या आईला दाखवलं. तिला लई आवडलं. मंग दोघींनी मिळून परातीत निम्मं पोतं ओतलं अन् राख घालून, पाणी शिंपडून कालवायला घेतलं. कालवता कालवता असा वास सुटला की आई पदरात तोंड घालून खोकायला लागली.

"जोर हाय गं खताला," ती म्हणाली. आमाला दोघींना बरं वाटलं; उकिरड्याचा वास मला तवा आठवला न्हाय.

तेवढ्यात आप्पा आले. ते अणदूरहून परत येत होते, वाटेनं आपल्या घरी चालले होते. कुणी या म्हणल्याबिगर ते कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हायत. त्या दिवशी ते सरळ अंगणात आले. पळत आले. आप्पांना पळताना म्या तेवढंच बघितलं.

"राख कुणी घातली?"

आई म्हणाली, "म्या—"

"म्या घातली," मी म्हणाले. आप्पांपुढं माझं ते पहिलं बोलणं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागाचं एक अक्षर न्हाय. परातीपाशी बसले, मूठभर खत नाकाशी नेलं. "राख अन् हे खत एका जागी आलं की जीव ह्यातनं सुटतो, अव्वा. वरनं तू पाणी दिलंस. निवृत्ती कुठं हाय? तिफण जुंपायला सांग. आत्ताच्या आत्ता."

मी रानाकडं धावले. जमीन वाफशावर होती, ना ओली ना कोरडी. दादांनी तिफण धरली. आप्पांनी परातीवर ओली पोती टाकून ती रानात आणवली. तिफणीच्या मागं पोकळ बांबू बांधतेत, त्यातनं बाया बी सोडतेत. आईनं त्यातनं बियाच्या जागी खत सोडायला घेतलं, चार बोटं खोल, अन् आप्पा मागनं अनवाणी पायानं माती लोटत चालले. कपाळावरचं भस्म घामानं नाकावर आलं होतं. बांधावर गणपतकाका उभे राहून बघत होते. त्यांना राखेचं कळलं तसं म्हणाले, "कपाळाला राख चालती, अन् खताला चालत न्हाय व्हय आप्पा?"

"कपाळातनं आता काय उडणार, गणपत," आप्पा म्हणाले, पाय न थांबवता. "जायचं होतं ते मागंच गेलंय."

दादा तिफण धरून हसले. त्या महिन्यात दादा पहिल्यांदा हसले असतील.

दोन तासं, म्हणजे तिफणीच्या दोन ओळी, झाकून झाली की आप्पा गुडघ्यावर बसायचे, मातीला नाक लावायचे. मलाही लावायला सांगितलं.

"येतो का वास?"

"न्हाय."

"मंग हाय. मातीनं धरलंय त्याला."

शेवटाला पाटाकडच्या चार तासांना परातीतलं सरलं. म्या कालचं घमेलं पुढं केलं. त्याला कसलाच वास नव्हता. मला वाटलं हेच सगळ्यात चांगलं. आप्पांनी चिमूट उचलली, नाकाशी नेली, लई वेळ धरली.

"ह्यालाही वास न्हाय," मी हळूच म्हणाले.

"न्हाय. पण अव्वा, वास नसणं दोन परीचं. एक धरून ठेवलेलं, एक निघून गेलेलं. हे कालच गेलंय." अन् मंग म्हणाले, "टाक. पीक सांगंल."

राहिलेलं निम्मं पोतं त्यांनी तसंच कोरडं बांधून ठेवलं. त्याच रानात गहू पेरला, अन् तो वीतभर झाल्यावर, दोन ओळींच्या मधी उकरून, त्यातलं घातलं अन् झाकलं. पण पाटाकडच्या चार तासांना घालू दिलं न्हाय. "ती तशीच राहू द्या. साहेबांना बघू द्या." पाणीही तुडुंब सोडू दिलं न्हाय. दादांना म्हणाले, "मुळ्या जिथं हायेत तिथवरच भिजव. त्याच्या खाली गेलेलं पाणी तुझा गहू घेऊन जातं."

पौषात गहू असा उठला की विहिरीवर आलेल्या बाया घागर भरायचं सोडून बघत बसायच्या. अन् पाटाच्या कडंला चार तासांची पिवळी पट्टी. सरळ, दोरी धरून आखल्यागत. माझी पट्टी.

साहेब घोड्यावर आले. बांधावर निम्मं गाव. साहेबांनी हिरवं बघितलं, मान हलवली, मंग छडीनं पट्टी दाखवली. "ये पीला कायकू?"

मी बायांच्या मागं सरकले. दादांनी तोंड उघडलं, तर आप्पांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"मेरेसे चुका साब. राख मिलाके रख्या था, ऊपर का ऊपर उड गया."

"तुमसे? गुरपाद, तुम्हारी नाक तो मशहूर है."

"नाक बुड्ढी हो गई साब."

साहेब हसले. गाव हसलं. गणपतकाका सगळ्यांत जास्ती हसले, अन् पुढं कितीतरी दिवस आप्पा दिसले की नाकावर बोट ठेवायचे. दोन घरांनी आप्पांच्या सांगण्यावरनं काढलेले खड्डे बुजवले. म्हणाले, ज्याला स्वतःला कळत न्हाय तो आमाला काय शिकवतो. आप्पांनी ते ऐकून घेतलं. पण जो भेटंल त्याला पट्टीपाशी न्यायचे अन् सांगायचे, "राख मिसळली की असं होतं. मी केलं, तुमी करू नका." त्या वर्षापासनं ह्या गावात कुणी खतात राख घातली न्हाय.

म्या एकदा त्यांना विचारलं. तवर मला त्यांच्याशी दोन शब्द बोलता येत होते. "आप्पा, माझं नाव का न्हाय सांगितलं?"

ते खड्ड्यावर माती लोटत होते. "मला हसले तर हसतील अन् आपापल्या कामाला जातील. तुला हसले असते तर तू परत खताला हात लावला नसतास. गावात एवढं शिकलेलं दुसरं नाक न्हाय, अव्वा. ते कसं जाऊ देऊ?"

एवढं मोठं कुणी मला कधी म्हणलं नव्हतं. मी तिथनं निघाले अन् घरी येऊन बैलांखाली माती पसरली.

फाल्गुनात गहू खळ्यावर आला. दादांनी हात घालून एक ओंजळ उचलली, वाऱ्यावर धरली, अन् मामांना निरोप पाठवला की औंदा येणं होत न्हाय. पुढं तो विषयच निघाला न्हाय. बैलं दावणीलाच हायेत. म्हणून मी ह्या गावात हाय, अन् म्हणून ही वही माझ्या हातात आली.

तर ज्यांनी खड्डे बुजवले त्यांनी ऐकावं, अन् गणपतकाकांनीही ऐकावं. ते घमेलं माझं होतं. राख म्या घातली, पाणी म्या शिंपलं, उन्हात म्या ठेवलं. आप्पा तवा अणदूरला होते. आप्पांचं नाक चुकलं न्हाय. त्या नाकानं पट्टी उगवायच्या आधीच पट्टी बघितली होती, अन् कुणाच्या अंगावर ती येऊ द्यायची न्हाय तेही तवाच ठरवलं होतं.

आप्पा, ही वही तुमच्यापुढं वाचतील तवा मी बायांच्या मागं बसलेली असंन. मला ओरडायचं असंल तर तिथं ओरडू नका, गोठ्यात या. तुमी रोज सकाळी पूजा करून आमच्या दारावरनं रानाकडं जाता. पहिल्या दिवशी थांबला होता, तसं आता थांबत न्हाय. नाक वर करता, पाय हळू करता, अन् नाकाला काय टोचलं न्हाय की तसंच पुढं जाता. माझी सकाळ तिथंच गोड होऊन जाती. महादेवानं तुमचे पाय बळकट ठेवावेत, नाक असंच धारदार ठेवावं, अन् अजून लई लई वर्षं तुमी रोज आमच्या दारावरनं असंच न थांबता जावं.